घरच्या साहित्यावर मुलांना शिकवताय? मग या चुका टाळा

"ताई, साहित्य करून आठवडा झाला, तरी याला आकडे येत नाहीत." बालवर्गात शिकवायला लागल्यापासून हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता आधी साहित्य बघायला मागते आणि मुलाबद्दल नंतर विचारते. बहुतेकदा दोष त्या पुठ्ठ्यातच सापडतो.

घरी केलेलं साहित्य विकतच्यापेक्षा कमी प्रतीचं असतं, असं मी मुळीच मानत नाही. जुनी खोकी, कपड्यांचे चिमटे, दोरा, वाळू आणि डिंक एवढ्यावर तीन ते सहा वर्षांच्या मुलाचं शिकणं छान चालतं. बिघडतं ते करणाऱ्याच्या हौसेमुळे आणि घाईमुळे.

एकाच वस्तूत चार गोष्टी कोंबणं

ही चूक मी स्वतः केली आहे. भाचा साडेतीन वर्षांचा होता. त्याच्यासाठी मी पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापल्या, प्रत्येकीवर एकेक आकडा लिहिला आणि शेजारी चिमटे ठेवले. आकड्याइतके चिमटे चकतीला लावायचे, एवढाच खेळ. पण सुंदर दिसावं म्हणून मी १ची चकती लाल केली आणि तिचा चिमटाही लाल. २ पिवळा, ३ निळा, ४ हिरवा. तीन आठवड्यांत तो सगळ्या चकत्या बिनचूक लावायला लागला. घरात सगळ्यांना दाखवून झालं, कौतुक झालं.

मग ४ची चकती भिजून फुगली. मी उरलेल्या तपकिरी पुठ्ठ्यावर नवी करून दिली. हातात चार हिरवे चिमटे घेऊन तो कितीतरी वेळ बसून राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "हिरवी कुठंय?" मी ४वर बोट ठेवलं, तर तो माझ्याच तोंडाकडे बघत राहिला. त्या आकड्याची त्याला कधी गरजच पडली नव्हती. तीन आठवडे तो रंगाला रंग जुळवत होता आणि ते काम त्यानं चोख केलं होतं. नंतर दोन दिवस त्यानं त्या डब्याला हात लावला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण चूक माझी होती आणि हिरमुसला तो.

मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपलं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. त्यांच्या साहित्यातल्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात. सर्वांत लहान १ सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा १० सेंटिमीटरचा. रंग सगळ्यांचा एकच, घडण एकच. फरक फक्त मापाचा, म्हणून मुलाचं लक्ष मापाकडेच जातं. आपल्या पुठ्ठ्यालाही हाच नियम लावा. आकडा शिकवायचाय ना, मग चकत्या सगळ्या एका रंगाच्या आणि चिमटेही सगळे सारखे. रंग शिकवायचे असतील तर त्याचा डबा वेगळा.

माझी आणखी एक सवय सांगते. ० ते ९ या आकड्यांसाठी मी मोजून ४५ काड्या देते, एक जास्त नाही, एक कमी नाही. मूल कुठं चुकलं तर शेवटी काड्या कमी पडतात किंवा उरतात. मग ते स्वतःच मागे जाऊन शोधतं आणि मला "चुकलं" म्हणावं लागत नाही. काड्या आहेत तेवढ्या ओंजळीनं ओतून देणारे पालक ही सोय हातची घालवतात. ० समोर काहीच ठेवायचं नाही, हे कळायला काही मुलांना बरेच दिवस लागतात. लागू द्या.

अक्षरांची घाई

सगळ्या बाराखड्यांचा तक्ता भिंतीवर टांगला की शिक्षण सुरू झालं, असं नव्या पालकांना वाटतं. तक्ता पाठ होतो, अक्षर ओळखता येत नाही. तक्त्याच्या क्रमानं अ, आ, इ, ई असं जाऊ नका. अ आणि इ यांची वळणं लहान हाताला अवघड असतात. 'गमभन'चा जुना क्रम वळणाच्या दृष्टीनं शहाणपणाचा आहे. मी त्यात एकच बदल करते. म आणि भ शेजारी ठेवत नाही. म पक्का होईपर्यंत भ डब्यातच राहतो. घ-ध, ब-व आणि थ-य या जोड्यांचंही तसंच. सारखी दिसणारी दोन अक्षरं एकाच दिवशी शिकवली की गोंधळ आपणच रुजवतो आणि तो निस्तरायला पुढं खूप वेळ जातो.

पेन्सिल देण्याआधी अक्षर बोटाला कळू द्या. पुठ्ठ्यावर डिंकानं मोठं, निदान मुलाच्या तळव्याएवढं अक्षर काढा. त्यावर बारीक चाळलेली वाळू पसरा, डिंक पूर्ण सुकू द्या आणि मग झटका. मुलानं तर्जनी आणि मधलं बोट लिहिण्याच्याच दिशेनं त्यावरून फिरवायचं आणि तोंडानं आवाज म्हणायचा. सुरुवात कुठून करायची तिथं एक ठिपका द्या. खरकागद (पॉलिश पेपर) कापून अक्षर करत असाल तर कागदाच्या पाठीवर ते उलटं आखायचं असतं, नाहीतर कापल्यावर आरशातलं अक्षर हातात येतं. अर्धवट वाळलेलं अक्षर मुलाच्या हाती देऊ नका. वाळू निघून येते आणि सगळी मेहनत वाया जाते.

आणि छापील गिरवण्याची पानं! तीन वर्षांच्या मुलाला रोज चार पानं गिरवायला बसवणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, थांबा. मनगटातली आठ हाडं जन्मतः मऊ कूर्चेची असतात आणि पुढच्या काही वर्षांत एकेक करून घट्ट होत जातात. त्या हाताला आधी मळणं, फाडणं, ओवणं, चिमटे दाबणं करू द्या. लेखणीची पकड सुधारायची असेल तर खडूचा अगदी बोटभर तुकडा द्या. मुठीत धरायला जागाच नसली की बोटं आपोआप पुढं येतात.

झाकणं, बटणं, चुंबक

इथं मी कुणाचंही ऐकत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते, ती घशात अडकू शकते. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३० मिलिमीटरचं असतं, म्हणजे मावतं. मोजणीसाठी सर्रास दिली जाणारी ही वस्तू धाकट्या भावंडाच्या हाती लागली तर जीवावर बेतू शकते. मी टॉयलेट पेपरच्या गुंडाळीच्या आतली पुठ्ठ्याची नळी जवळ ठेवते. तिच्यातून जे आरपार जातं ते लहानग्यांच्या खोलीत येत नाही. ती नळी रुंद असते, त्यामुळे चाचणी जास्तच कडक होते, आणि मला तेच हवंय.

छोटी चुंबकं आणि बटणासारख्या गोल बॅटऱ्या तर घरच्या साहित्यात नकोतच. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात

पातळ कागदाची कार्डं करू नका, दुसऱ्या दिवशी मुडपतात. खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि कडांना चिकटपट्टी लावा.

मूल काम करत असताना "हा कुठला रंग? हे किती?" असं सारखं विचारू नका. त्याची तंद्री मोडते.

मोबाइलवर आकड्यांची गाणी लावून दिली म्हणजे मोजणी आली, असं होत नाही. वीसपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला पाच काड्या मोजायला सांगा आणि लगेच "मग किती आहेत?" असं विचारा. ते पुन्हा एकपासून मोजायला लागलं तर 'किती' ही गोष्ट अजून यायची आहे.

सगळं साहित्य एकदम मांडू नका. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ लहानग्यांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिली. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चारच खेळणी असताना मुलं एकेकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. माझ्याकडे फळीवर पाच डबे असतात, बाकीचे कपाटात. एखाद्या डब्याकडे आठवडाभर कुणी फिरकलं नाही की तो आत जातो आणि दुसरा बाहेर येतो.

संचातली एखादी काडी किंवा चकती हरवली, तर तो डबा त्याच दिवशी फळीवरून काढा आणि भरपाई झाल्यावरच परत ठेवा. ४५च्या जागी ४४ काड्या असल्या की मूल बरोबर असूनही स्वतःला चुकलेलं समजतं आणि पुन्हा पुन्हा पहिल्यापासून मोजत बसतं.