तुटलेल्या सिमलिंक साफ करताय? या चुका टाळा

सिमलिंक म्हणजे दुसऱ्या फाइलचा पत्ता ठेवणारी लिंक, त्या पत्त्यावर काही नसलं की ती तुटलेली. बिल्ड स्क्रिप्टच्या शेवटी 'फाइंड . -एक्सटाइप एल -डिलीट' ही तुटलेल्या लिंक शोधून पुसणारी ओळ चिकटवायची आणि साफसफाई झाली म्हणायचं, हे आता बघवत नाही. रिव्ह्यूत ती ओळ दिसली की मी आधी एकच विचारतो, लिंक तुटली कशामुळे ते बघितलंस का? बहुतेक वेळा बघितलेलं नसतं.

सगळ्यात महाग पडते ती स्टेजिंग फोल्डरमध्ये झाडू मारायची घाई. पॅकेज बनवताना सगळ्या फाइल्स आधी डेस्टडिर या तात्पुरत्या (स्टेजिंग) फोल्डरखाली जमा होतात, त्यात स्लॅश ऑप्टपासून सुरू होणाऱ्या, म्हणजे पूर्ण पत्त्याच्या, अ‍ॅब्सोल्यूट लिंक असल्या तर बिल्ड मशीनवर त्या पत्त्यावर काहीच नसतं, म्हणून फाइंडला त्या तुटलेल्या दिसतात, पण इन्स्टॉल झाल्यावर त्याच लिंक अगदी बरोबर चालतात. एका प्रोजेक्टवर नवीन आलेल्या मुलाने वॉर्निंग नकोत म्हणून ही ओळ टाकली. बिल्ड हिरवा, टेस्टही हिरव्या कारण त्या बिल्ड फोल्डरमधूनच चालायच्या, आणि सर्व्हरवर टाकलं तर प्रोग्रॅम सुरूच होईना, प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी शोधून जोडणारा लोडर म्हणतो शेअर्ड लायब्ररी सापडत नाही. खरी फाइल जागेवर होती, तिच्याकडे नेणारी डॉट एसओ डॉट १ वाली लिंक गायब! लायब्ररी स्लॅश ऑप्टखाली असल्यामुळे अशा लिंक बनवणाऱ्या एलडीकॉन्फिगनेही ती परत बनवली नाही. अर्धी रात्र कंपायलरचे फ्लॅग तपासण्यात गेली, शेवटी जुन्या आणि नव्या पॅकेजच्या फाइल लिस्टचा डिफ काढला तेव्हा उजेड पडला.

म्हणून मी आधी -डिलीटऐवजी नुसतं नावं छापणारं -प्रिंट लावतो, लिस्ट डोळ्यांखालून घालतो, प्रत्येक लिंक कुठल्या स्टेपने बनवली ते शोधतो आणि तिथेच दुरुस्त करतो. लिंक बनवणाऱ्या एलएनला -एसआर दिलं की रिलेटिव्ह लिंक बनते, ती स्टेजिंगमध्येही चालते आणि इन्स्टॉलनंतरही. वेळ लागतो, लागू दे.

दुसरं, -डिलीट कायम शेवटी. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतं, त्यामुळे 'फाइंड . -डिलीट -एक्सटाइप एल' लिहिलंत तर लिंक तपासायच्या आधीच अख्खं फोल्डर साफ. नेटवरून कॉपी करून शब्द मागेपुढे करणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

-एक्सटाइप पोझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या सामाईक मानकात, नाही, सगळीकडे मिळेल असं धरू नका. त्याऐवजी 'फाइंड -एल' वापरून पुढे आरएम लावणारेही आहेत, पण ते लिंकच्या मागे मागे तुमच्या फोल्डरबाहेर जातं आणि तिथल्याही तुटलेल्या लिंक उडवतं. मी सरळ लूप लिहितो: टेस्ट -एल (ही लिंक आहे का) खरं आणि टेस्ट -ई (तिच्या पत्त्यावर काही आहे का) खोटं, तरच तुटलेली.

नुसतं -ई बघून 'नसेल तर बनव' केलंत तर तुटलेल्या लिंकवर एलएन 'फाइल एक्झिस्ट्स' म्हणून आपटणार. एलएनला -एसएफएन द्या, मग ते जुन्या लिंकच्या जागी नवी बनवतं.

रिलेटिव्ह पाथ लिंक ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून मोजला जातो, तुम्ही उभे आहात तिथून नाही.

आणि लिंक शाबूत आहे का हे लिनक्सवर लिंकचा शेवटचा पत्ता छापणाऱ्या रीडलिंक -एफने तपासू नका, पाथचा शेवटचा तुकडा नसला तरी ते पाथ छापतं आणि एक्झिट कोड ० देतं. त्यासाठी रीडलिंक -ई आहे.