पुढचा टायर येऊरसाठी, मागचा घोडबंदरसाठी

मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, त्यामुळे टायर घ्यायचा म्हटलं तरी आधी वही उघडते. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीपासून उपवन, तिथून येऊरचा चढ, पाटोणपाड्याच्या बाजूचा थोडा कच्चा भाग आणि परत घरी. सायकलच्या मीटरवर साधारण १७ किलोमीटर. त्यात माती-दगड किती? जेमतेम ३. बाकी डांबर, काँक्रीट आणि स्पीडब्रेकर. रविवारी घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत गेले, तर तेवढीही माती लागत नाही.

पहिल्यांदा टायर बदलले तेव्हा हा हिशेब केला नव्हता. ‘एमटीबी, म्हणजे डोंगराची सायकल आहे ना ताई, मग दणकट ग्रिपच घ्या’ म्हणत दुकानदाराने दोन्ही चाकांना उंच नॉबचे, म्हणजे उंच रबरी गाठींचे टायर चढवले. सायकल दिसायला ट्रॅक्टर, आवाजालाही ट्रॅक्टर. उपवनपर्यंत पोचतानाच मांड्या भरून यायच्या आणि चार-पाच महिन्यांत मागच्या टायरचे मधले नॉब डांबराने खाऊन सपाट केले.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. पुढचा टायर वाटेतल्या सगळ्यात वाईट तुकड्यासाठी घ्यायचा आणि मागचा रोजच्या रस्त्यासाठी. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते, आपण बहुतेक वेळा सावरतो. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही, थेट जमीन. उलट आपलं जास्त वजन मागच्या चाकावर असतं, त्यामुळे जड चालणाऱ्या टायरचा त्रासही तिथेच जास्त जाणवतो.

माझ्या सायकलला आता पुढे मॅक्सिसचा आर्डंट आहे, मागे त्याच कंपनीचा आयकॉन. हेच घ्या असं म्हणत नाही, पण दोन्ही शेजारी ठेवून बघा. आर्डंटचे नॉब मोठे, दूर दूर, आणि कडेचे चांगले भक्कम. वळणावर सायकल कलली की तेच जमिनीत रुततात. आयकॉनचे नॉब बुटके आणि दाटीवाटीने बसलेले, म्हणून तो डांबरावर सुळकन पळतो. बाकी कुठलाही टायर याच नजरेने वाचता येतो. मधली पट्टी वेग सांगते, कडा वळण सांगते आणि नॉबमधली मोकळी जागा चिखलाचं सांगते.

आता आपल्याकडचे ऋतू. पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून टणक जमिनीवर बारीक मुरूम पसरतो. फरशीवर मोहरी सांडावी आणि तिच्यावरून चालावं, तसं वाटतं. इथे कडेचे नॉब भक्कम हवेत आणि हवा थोडी कमी. उन्हाळ्यात त्यावर धूळ आणि सागाची वाळलेली पानं. पानाखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून रुंद टायर बरा. माझा पुढचा २.२५ इंची आहे, २.४ बसत असेल तर आणखी छान.

पावसाळ्याचं जरा सविस्तर सांगते, कारण गैरसमज तिथेच जास्त. चिखलासाठी नॉब उंच आणि दूर दूर हवेत, म्हणजे चाक फिरताना माती झटकली जाते. दाट नॉबमध्ये ती लिंपून बसते आणि पाच मिनिटांत टायर गुळगुळीत होतो. पण शेवाळाचं गणित वेगळं. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये येऊरहून उतरताना एका वळणावर मी रस्त्याच्या कडेच्या हिरव्या पट्ट्यावर गेले आणि कोपर सोलून घेतलं. टायर तेव्हा अगदी चिखलाचेच होते! गुळगुळीत ओल्या दगडावर किंवा शेवाळलेल्या डांबरावर रुतायला काही नसतंच. उंच नॉबचं नुसतं टोक टेकतं. तिथे उपयोग होतो मऊ रबराचा. दुकानात अंगठ्याच्या नखाने नॉब दाबून बघा, मऊ आणि कडक रबरातला फरक लगेच कळतो. पुढे मऊ, मागे कडक, कारण मऊ रबर झिजतंही लवकर. आणि शेवाळ दिसलं की वळू नका, ब्रेक दाबू नका, सायकल सरळ ठेवून जाऊ द्या.

नवी मुंबईतले माझे मामेभाऊ फक्त पक्क्या पाम बीच रोडला फिरतात आणि मला विचारतात कुठला नॉब घेऊ. दादा, नॉब नकोच. डोंगराच्या सायकलला गुळगुळीत टायर लावला म्हणून कोणी दंड करत नाही.

हवेवरून, म्हणजे दाब किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवायचा यावरून मात्र माझं आणि नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांचं दर वेळी वाजतं.

‘किती भरू ताई?’

‘पुढे २८, मागे ३१.’

‘एवढीच? बसेल ना गाडी!’ म्हणत त्यांनी ५० भरली होती. ५० ला मुरमावर सायकल चेंडूसारखी उडते. माझं वजन ६२ किलो, टायरमध्ये ट्यूब आहे, म्हणून माझे आकडे हे. तुम्ही ८० किलोचे असाल तर चार-पाच पीएसआय वाढवा. टायरच्या बाजूला जास्तीत जास्त आणि काही टायरवर कमीत कमी आकडाही छापलेला असतो, त्याच्या आत राहा. हवा फारच कमी झाली तर दगडावर आपटताना ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली की काट्याला दोष देऊ नका. दाब दाखवणारं गेज असलेला पंप घरी ठेवा. अंगठ्याने दाबून हवा कळते म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

माप बघताना इंचांपेक्षा ५७-५८४ असा आकडा शोधा. पहिला रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ५५९ म्हणजे २६ इंची चाक, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस, ६२२ म्हणजे २९. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, तिथे तडजोड नाही. रुंद टायर घेताना टायर आणि फ्रेमच्या मधे दोन्ही बाजूंनी साधी पेन्सिल सरकते का बघा. नाही सरकली तर चिखलात चाक अडकणार.

ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबशिवायचा टायर, आपल्याकडच्या बाभळीच्या काट्यांना उत्तम, पण रिम त्यासाठीची हवी आणि आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, आपल्या उन्हाळ्यात सुकतं. दोन-तीन महिन्यांनी बघायचा कंटाळा असेल तर ट्यूबच बरी. मला तो कंटाळा आहे.

ट्यूबवाल्यांसाठी एक घरगुती गोष्ट. पंक्चर काढल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जुना सुती मोजा सगळीकडे फिरवा. काट्याचं टोक डोळ्याला दिसत नाही, बोटाला टोचतं, पण मोज्याचा धागा बरोबर अडकतो. मग आईच्या शिवणाच्या डब्यातला चिमटा. टायर परत चढवताना बाजूचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे ना बघा. काही टायरवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी वेगवेगळे बाण असतात.

मागचा टायर आधी झिजणार, ते ठरलेलंच. दोन्हीकडे एकच टायर असेल तर तेव्हा पुढचा मागे टाका आणि नवा पुढे. झिजलेला मागचा कधीही पुढे आणू नका, दोन-तीन हजार वाचत असले तरी.