मुरमाड आणि काळ्या जमिनीत मिश्र इमारती वृक्षांची लागवड

इंदूरजवळ महू-चोरलच्या बाजूला वडिलोपार्जित जमीन असलेली मराठी कुटुंबे सोयाबीन सोडून झाडांकडे वळली की बहुधा निव्वळ साग लावतात. चोरलच्या डोंगरात मात्र साग एकटा वाढत नाही. ऐन, धावडा, हळदू, बिबळा आणि तिवस त्याच्या सोबतीला असतात. निव्वळ सागात पानांची चाळण करणारी अळी एका झाडावरून दुसऱ्यावर बिनअडथळा पसरते, शिवाय रुंद पानांवरून पडणारे मोठे थेंब खालची उघडी माती धुऊन नेतात.

लागवडीआधी भर पावसाळ्यात जमिनीचे वेगवेगळे तुकडे पाहावेत. जेथे खड्ड्यातले पाणी दिवसभर मुरत नाही अशा खोल काळ्या मातीत साग लावू नये. तेथे कळंब, अर्जुन व बाभूळ टिकतात. निचऱ्याच्या मुरमाड उतारावर साग, बिबळा, धावडा लावावेत, आणि माती खोल असूनही पाणी साचत नाही तेथे शिसव. रोपवाटिकेत ऐन ‘साज’ आणि बिबळा ‘बीजा’ या हिंदी नावांनी मागावा.

मिश्रणाची खरी कसोटी मांडणीत आहे. एक साग, एक शिसव, एक धावडा अशी आळीपाळीने लागवड नकाशावर सुंदर दिसते, पण साग झपाट्याने वाढून दोन्ही शेजाऱ्यांना सावलीत दडपतो. म्हणून 2 × 2 मीटर अंतरावर एकाच जातीच्या 16 झाडांचा चौकोनी गट करावा, त्याला लागून दुसऱ्या जातीचा गट घ्यावा आणि शिसव-धावड्यासारख्या संथ जातींचे गट शक्यतो सागाच्या दक्षिणेला ठेवावेत, म्हणजे त्यांना हिवाळ्यातही ऊन मिळते. या अंतराने एकरी सुमारे 1000 रोपे बसतात. शिसव व बिबळा शेंगवर्गीय असल्याने त्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात, आणि त्यांचा पाला कुजून हे नत्र जमिनीत उतरते.

45 सेंटिमीटरचे खड्डे उन्हाळ्यात घेऊन, पहिला दमदार पाऊस झाल्यावर, साधारण जूनअखेरीस, रोपे लावावीत. पहिली दोन-तीन वर्षे निंदणी, गुरे व नीलगाईंपासून कुंपण आणि डिसेंबर-जानेवारीतल्या दव गोठवणाऱ्या थंडीपासून आडोसा हवाच. झाडांची नोंद पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, करून घ्यावी, कारण सागाच्या तोडीला परवानगी लागते.

शेंडे एकमेकांना भिडले की विरळणी सुरू करावी, आणि येथेच बहुतेकांचा हात कचरतो. प्रत्येक गटातली वाकडी, दुबेळकी झाडे आधी काढावीत, मग काही वर्षांच्या अंतराने पुन्हा, जेणेकरून अखेरीस गटागणिक एक-दोन सरळसोट झाडे उरतील. तोडलेल्या सागाच्या खुंटाला जोमाने फुटवे येतात व ते शेजारच्या शिसवावर सावली धरतात. ते पावसाळ्यानंतर दरवर्षी छाटावेत.