जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवरचा ब्रेकचा दिवा विझत नसेल तर

पार्ट बदलण्याआधी दिवा नेमका कोण पेटवतंय ते शोधा. नुसत्या चावीवर तो बऱ्याच गाड्यांत तसाही लागतो, म्हणून चाकांना उटी (अडवण) लावून, गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून तपासा.

१. हँडब्रेक पूर्ण सोडा. मग त्याच्या स्विचची वायर काढा. दिवा गेला? स्विच अडकलाय किंवा सरकलाय. बऱ्याचदा दोष इथेच निघतो.

२. ब्रेक ऑइल डबीवरच्या मिन (MIN) खुणेच्या खाली असेल तर लगेच टॉपअप करू नका. आधी ब्रेक पॅडची जाडी आणि चाकांच्या आतली बाजू ओली आहे का, ते बघा.

३. लेव्हल बरोबर असूनही डबीच्या सेन्सरचा प्लग काढल्यावर दिवा गेला, तर डबीतला तरंगणारा फ्लोट बुडालाय किंवा सेन्सर बिघडलाय.

ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा जास्त खाली जात असेल तर गाडी हलवू नका. तपासून झाल्यावर वायरी परत जोडा.