ब्रिटनला शिकायला जाण्यापूर्वी घराचा आणि घरखर्चाचा हिशेब कसा मांडावा

विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात पडले की आपल्याकडे फी, शैक्षणिक कर्ज आणि विमानाचे तिकीट यांचा हिशेब लगेच कागदावर उतरतो, पण राहण्याखाण्याचा खर्च ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून मागे पडतो. माझी मुलगी शेफील्डला एम. एस्सी. करायला गेली तेव्हा आमच्या घरीही हेच झाले आणि त्याची झळ तिला वर्षभर लागली. म्हणून ओळखीतल्या प्रत्येक पालकाला मी आग्रहाने सांगतो, की व्हिसाचा अर्ज भरण्याआधी घराचा हिशेब मांडावा.

सुरुवात व्हिसासाठी दाखवायच्या रकमेपासून करू. नोव्हेंबर 2025 पासून लंडनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दरमहा 1,529 पौंड आणि लंडनबाहेर शिकणाऱ्याला 1,171 पौंड, असा जास्तीत जास्त 9 महिन्यांचा राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. लंडनबाहेर ही रक्कम 10,539 पौंड होते. पौंड 120 रुपयांचा धरला तर ती साडेबारा लाखांच्या वर जाते. उरलेली फी यात धरलेली नाही. खात्यात ही रक्कम सलग 28 दिवस असावी लागते आणि त्या काळात ती एक दिवसही कमी पडून चालत नाही; त्यामुळे मुदत ठेव मोडून पैसे खात्यात आणायचे असतील, तर ते अर्जाच्या महिनाभर आधीच आणावेत. विद्यापीठाच्या वसतिगृहाला आगाऊ भरलेली रक्कम 1,529 पौंडांपर्यंत यातून वजा करता येते, खासगी घरमालकाला दिलेली येत नाही. याखेरीज तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड आहे. एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा व्हिसा शिक्षणानंतरच्या चार महिन्यांसकट मिळत असल्याने हा अधिभार साधारणपणे 1,164 पौंड भरावा लागतो, आणि तो अर्जासोबतच भरायचा असतो.

व्हिसासाठी दाखवलेली रक्कम आणि प्रत्यक्ष होणारा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नऊ महिन्यांची असते, आणि पदव्युत्तर विद्यार्थी तिथे किमान बारा महिने राहतो.

आता भाडे. पुण्यात कॉट बेसिसवर राहणारा मुलगाही भाडे महिन्याच्या भाषेत बोलतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्यांचे भाडे आठवड्याचे सांगतात. जाहिरातीत ‘160 पी. डब्ल्यू.’ असे लिहिलेले असते, म्हणजे आठवड्याला 160 पौंड. आपण नकळत त्याला चारने गुणतो आणि महिन्याला 640 पौंड धरतो. वर्षाचे आठवडे 52 असतात, म्हणून 160 ला 52 ने गुणून 12 ने भागावे. उत्तर 693 पौंड येते. महिन्याकाठी 53 पौंडांचा हा फरक वर्षभरात सहाशे पौंडांच्या पुढे जातो. तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे करार किती आठवड्यांचा आहे. त्याच खोलीचा 44 आठवड्यांचा करार 7,040 पौंडांचा आणि 51 आठवड्यांचा 8,160 पौंडांचा होतो. प्रबंध सप्टेंबरमध्ये द्यायचा असेल तर 44 आठवड्यांच्या कराराने उन्हाळ्यात दुसरे घर शोधायची वेळ येते. म्हणून स्वस्त आकडा पाहण्याआधी अभ्यासक्रमाची शेवटची तारीख पाहावी.

पहिल्या वर्षासाठी माझे मत स्पष्ट आहे: मिळत असेल तर विद्यापीठाचेच वसतिगृह घ्यावे. वीज, पाणी, गॅस आणि इंटरनेट बहुधा भाड्यातच असते, जामीनदाराचा प्रश्न सहसा येत नाही, आणि काही बिघडले तर कोणाकडे जायचे ते माहीत असते. अर्जाची मुदत विद्यापीठागणिक वेगळी असते आणि ती संपल्यावर खोलीची हमी राहत नाही, म्हणून प्रवेश पक्का झाल्याच्या आठवड्यातच अर्ज करावा. खासगी कंपन्यांची विद्यार्थी निवासे नवी आणि नीटनेटकी असतात, पण महाग पडतात. भाड्याचे घर तिघाचौघांत वाटून घेणे बहुतेकदा सर्वांत स्वस्त; त्यात जबाबदारी मात्र सर्वांत जास्त.

त्या जबाबदारीविषयी थोडे सविस्तर लिहितो. मुलीने दुसऱ्या सत्रात तीन मैत्रिणींबरोबर एक घर घेतले. चौघींनी एकाच करारावर सह्या केल्या. दीड महिन्यात एक जण घरच्या अडचणीमुळे भारतात परतली आणि एजंटाने तिच्या वाट्याचे भाडे उरलेल्या तिघींकडे मागितले. आम्हाला तो अन्याय वाटला, पण करार वाचल्यावर कळले की संयुक्त करारात प्रत्येक जण संपूर्ण भाड्याला बांधलेला असतो. शक्य असेल तिथे प्रत्येकाने आपापल्या खोलीचा वेगळा करार मागावा. 1 मे 2026 पासून इंग्लंडमध्ये खासगी भाडेकरूला दोन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येते. पण संयुक्त करारात एकाने दिलेल्या नोटिशीने सगळ्यांचाच करार संपतो, हेही ध्यानात ठेवावे.

खासगी घराच्या बाबतीत कायदा भाडेकरूच्या बाजूने बराच उभा आहे, फक्त तो माहीत हवा. इंग्लंडमध्ये वार्षिक भाडे 50,000 पौंडांपेक्षा कमी असेल तर अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घर राखून ठेवण्यासाठी एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. अनामत मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत घरमालकाने ती सरकारमान्य संरक्षण योजनेत जमा किंवा नोंद करून भाडेकरूला तसे कळवणे बंधनकारक आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये जामीनदार नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांकडून सहा सहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेतले जाई. 1 मे 2026 पासून इंग्लंडमधल्या अशा खासगी घरांसाठी करार झाल्यानंतर एका महिन्याहून अधिक आगाऊ भाडे मागता येत नाही. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत, तेव्हा एडिंबरा किंवा कार्डिफला जाणाऱ्यांनी तिथले नियम पाहावेत.

पुण्यात बसून, कोणीही प्रत्यक्ष न पाहिलेल्या घरासाठी पैसे पाठवू नयेत. ‘आज पैसे भरले नाहीत तर खोली जाईल’ असे कोणी म्हणाले की तिथेच थांबावे. तिथल्या एखाद्या सीनियरला घर पाहायला सांगावे किंवा पहिले काही दिवस तात्पुरती सोय करून स्वतः पाहावे. विद्यार्थी संघटनेचे सल्ला केंद्र करार वाचून देते का, तेही विचारावे.

पैसे पाठवताना टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आपल्याकडून आधीच घेते तो कर, लक्षात घ्यावा. एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही, मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर मुळीच लागत नाही, आणि कापला गेलाच तर प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

दरमहाच्या खर्चात काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथल्या पालिकेचा घरावरचा कर, धरण्याआधी एक गोष्ट तपासावी. घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो लागत नाही, पण विद्यापीठाचे प्रमाणपत्र स्थानिक काउन्सिलला द्यावे लागते. घरात एक जण नोकरी करणारा असेल तर बिल येते. बिले वेगळी असलेल्या घरात नोव्हेंबर ते मार्च हीटिंगचा खर्च जाणवतो. घर पाहतानाच भिंतींवर बुरशीचे काळे डाग आहेत का आणि घराला किती ऊर्जा लागते हे सांगणाऱ्या ऊर्जा प्रमाणपत्रावर कोणते अक्षर आहे, ते पाहावे. ए सर्वोत्तम, जी सर्वांत वाईट.

खाण्यावरचा खर्च आपल्या हातात असतो, आणि स्वयंपाक येणाऱ्याचा तो निम्म्यावर येतो असे मी मुलीच्या हिशेबाच्या वहीवरून सांगू शकतो. आल्डी आणि लिडल या सुपरमार्केटांत भाजी, दूध आणि अंडी स्वस्त मिळतात. तूरडाळ, कणीक आणि पोहे भारतीय दुकानातून मोठ्या पिशवीत घ्यावेत. तुळशीबागेतून कुकर घेताना तो इंडक्शनवर चालणारा आहे हे दुकानदाराकडून खात्री करून घ्यावे. आम्ही दिलेला साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्या वसतिगृहातल्या शेगडीवर तापलाच नाही आणि वर्षभर कपाटात पडून राहिला. फोडणी करताना स्वयंपाकघराचे दार बंद आणि पंखा चालू ठेवावा. मोहरीच्या धुराने अलार्म वाजला की सगळ्या इमारतीला बाहेर थंडीत उभे राहावे लागते. तूप आणि खव्याचे पेढे बॅगेत भरू नयेत, कारण भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी आहे.

प्रवासासाठी 16–25 रेलकार्डाने रेल्वेचे तिकीट एक तृतीयांश स्वस्त होते आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते पंचविशीनंतरही मिळते. सत्र चालू असताना पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला आठवड्याला 20 तासच काम करता येते. काम मिळायला कधी दोन महिनेही लागतात, म्हणून भाड्याचा हिशेब त्या कमाईवर बेतू नये.

खोलीचा ताबा मिळाल्यावर सामान लावण्याआधी प्रत्येक भिंतीचे, गादीचे, सिंकचे आणि गालिच्यावरच्या डागांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला ईमेलने पाठवावेत. सोडताना अनामतीतून पैसे कापले गेले आणि ते पटले नाही, तर संरक्षण योजनेकडे विनामूल्य दाद मागता येते. तिथे कापलेली रक्कम योग्य आहे हे घरमालकाला सिद्ध करावे लागते, आणि पहिल्या दिवशीचे ते फोटो तिथे उपयोगी पडतात.