पिकाच्या वेळेने आखावयाची सहल

निसर्ग आणि शेती पाहायला निघणारे बहुतेक लोक आधी जोडून आलेल्या सुट्ट्या शोधतात आणि मग त्यांत बसेल असे ठिकाण निवडतात. नुसता आराम करायचा असेल तर हा क्रम चालतो. परंतु भातलावणी, कासची फुले, हुरडा किंवा काजवे पाहायचे असतील तर तो उलटा करावा लागतो. यांपैकी प्रत्येक गोष्टीचे दिवस मोजके असतात आणि पाऊस, थंडी व पेरणी यांनुसार ते दरवर्षी मागेपुढे सरकतात. म्हणून महिना आधी ठरवावा, त्यातले दोन-तीन शनिवार-रविवार मोकळे ठेवावेत आणि नेमकी तारीख आठ-दहा दिवस आधी, जिथे जायचे तिथल्या माणसाशी बोलल्यावरच पक्की करावी.

बोलताना प्रश्न नेमका असावा. ‘पीक कसे आहे?’ असे विचारले तर ‘चांगले आहे, या’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी पिकाची अवस्था विचारावी: ज्वारी नुकती निसवली आहे की दाणा भरला आहे, खाचरात पाणी साठले आहे का, आंब्याची तोडणी सुरू झाली का, बागेत शेवटची फवारणी केव्हा झाली. कृषी पर्यटन केंद्रात उतरणार असाल, तर जे पीक पाहायचे ते केंद्राच्या स्वतःच्या शेतात आहे की शेजाऱ्याच्या, हेही विचारून घ्यावे. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आणि अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होऊ लागली. नोंदणी असणे चांगलेच, पण तेवढ्याने रानात पीक उभे असेल याची खात्री होत नाही. जाहिरातीत पोहण्याचा तलाव आणि पावसाचे कारंजे ठळक असेल आणि पिकाचा उल्लेखच नसेल, तर ते ठिकाण शेती पाहण्यासाठी नाही असे समजावे.

पावसाळ्यात सर्वांत पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे भाताची लावणी. कोकणात, मावळात, मुळशी आणि भोरच्या डोंगराळ भागात पाऊस वेळेवर झाला तर जुलैमध्ये ती जोरात असते. वाफ्यात वाढवलेला तरवा, म्हणजे भाताची रोपे, उपटून त्याच्या मुठी बांधायच्या, खाचरात चिखलणी करायची आणि मग ओळीने रोपे लावायची, अशी ही कामे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे एका दिवसात तिन्ही पाहायला मिळतात. चिखलात उतरायची हौस असेल तर आधी परवानगी घ्यावी आणि शेतकऱ्याने दिलेल्या एखाद्या कोपऱ्यातच लावून पाहावे, कारण वेड्यावाकड्या किंवा फार खोल लावलेल्या रोपांचे काम त्या घरालाच पुन्हा करावे लागते. ओल्या बांधावरून एकामागे एक चालावे. बांध खचला की खाचरातले पाणी निघून जाते. याच दिवसांत धबधब्यांकडे जाणाऱ्यांनी त्या ठिकाणी जिल्हा प्रशासनाचा बंदी आदेश आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात पडलेल्या पावसाने ओढा बघता बघता वाढतो, त्यामुळे प्रवाहाच्या मधल्या खडकावर जाऊन बसू नये.

कासचे पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे आणि पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा हंगाम असतो. दिवसाला किती लोकांना सोडायचे याला मर्यादा असल्यामुळे प्रवेशाची नोंदणी ऑनलाइन आधीच करावी आणि शक्य असेल तर आठवड्याचा मधला दिवस निवडावा. जांभ्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर, त्यावर पावसाचे साठलेले पाणी आणि त्यात वाढणाऱ्या लहान वनस्पती, अशी या पठाराची रचना आहे. म्हणून आखून दिलेल्या वाटेबाहेर टाकलेले एक पाऊलही नुकसान करते. फुलांचे गालिचे दुरून पाहून परतणाऱ्यांची खरे तर अर्धीच सहल होते. तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा रंग लांबून दिसतो, पण गेंदाची पांढरी बोंडे आणि सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पतीची निळी-जांभळी फुले वाटेच्या कडेला खाली बसूनच नीट पाहता येतात. सोबत स्थानिक मार्गदर्शक घ्यावा आणि हाताशी साधे भिंग ठेवावे. धुके दाट असेल तर घाई न करता थोडे थांबावे, उन्हाची तिरीप आली की पठाराचा रंग बदलतो. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीसाठी जायचे असेल, तर यंदा तिची पाळी आहे का, याची आधी चौकशी करावी.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच भातखाचरांत कापणी आणि झोडणी चालते. लावणी जिथे पाहिली तिथेच पुन्हा गेल्यास घरच्यांशी ओळख राहते आणि नवा तांदूळ थेट घेता येतो.

हुरड्याचे दिवस डिसेंबर आणि जानेवारीचे. सोलापूर, अहिल्यानगर आणि मराठवाड्यातील रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते आणि दाणा भरलेला पण कोवळा असतो, तोवरच तिचा हुरडा होतो. एका तुकड्यात ही अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. त्यानंतर दाणा टणक होऊ लागतो. हुरड्यासाठी ज्वारी करणारे शेतकरी म्हणूनच वेगवेगळ्या तुकड्यांत थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरणी करतात. वाण कोणता आहे ते विचारावे: गुळभेंडी गोड असते आणि तिचा दाणा बोंडातून सहज सुटतो, तर भाकरीसाठी नावाजलेल्या मालदांडीचा दाणा सोडवायला जास्त चोळावे लागते. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, निखाऱ्यांत कणसे भाजतात आणि ती गरम असतानाच चोळून दाणे काढतात. गार हुरडा चिवट लागतो, तेव्हा आगटीभोवती बसूनच खावा. ताटात वाढून घेऊन दूर तंबूत बसण्यात काही अर्थ नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरे आणि ओला हरभरा असतोच. सकाळी नऊ-दहापर्यंत पोहोचावे, म्हणजे रानातून कणसे खुडून आणण्यातही भाग घेता येतो. दुपारचे जेवण मात्र हलके सांगावे, कारण हुरड्यानंतर भरलेली थाळी बहुधा तशीच उरते.

त्याच हंगामात कोल्हापूरकडे गुऱ्हाळे चालू असतात. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, चढल्यापासून मळी निघून, काकवीची अवस्था येऊन, गूळ वाफ्यात ओतला जाईपर्यंत काही तास जातात, म्हणून एक काहील उतरेपर्यंत थांबण्याइतका वेळ हाताशी ठेवावा. मुलांना चुलवाणापासून, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीपासून, लांब उभे करावे. उकळत्या रसाचा चटका साध्या पाण्यापेक्षा फार वाईट असतो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायचे असतील, तर जलाशयाचे पाणी उतरून उथळ जागा उघड्या झाल्यावर, म्हणजे बहुधा जानेवारीनंतर जावे.

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागा जानेवारी ते मार्च या काळात पाहाव्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीनंतर, साधारण चार महिन्यांनी घड तयार होतो. निर्यातीच्या बागेत परक्या माणसाला सहसा सोडत नाहीत आणि त्यात शेतकऱ्याचा तुसडेपणा नसतो: मण्यावरचा पांढरट मेणासारखा थर बोट लागताच पुसला जातो आणि मालाचा भाव उतरतो. फवारणीचे दिवस विचारल्याशिवाय आणि धुतल्याशिवाय एकही मणी तोंडात टाकू नये. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी याच थंडीत मिळते. रस्त्याकडेच्या मळ्यांत पैसे देऊन स्वतः फळे खुडता येतात, पण ती देठासह खुडावीत आणि लगेच संपवावीत.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या हापूस बागांसाठी एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा मध्य हा काळ धरावा. झाडावरून पिकलेला आंबा काढून खाण्याची कल्पना घेऊन येणाऱ्यांची निराशा होते, कारण फळ तयार पण कडक असतानाच झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, थोडा देठ ठेवून उतरवतात, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. नंतर गवताच्या अढीत ते पिकायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तोडणी सकाळी लवकर असते, त्यामुळे आदल्या रात्रीच मुक्कामी पोहोचावे आणि घरी नेण्यासाठी पिकलेल्या आंब्यांऐवजी तयार कच्ची फळे घ्यावीत. ती प्रवासात खराब होत नाहीत.

मेच्या अखेरीस वळिवाच्या सरी पडल्या की भंडारदरा, पुरुषवाडी आणि राजमाची परिसरात काजवे दिसू लागतात आणि पावसाने जोर धरला की कमी होतात. काजव्याचा नर मादीला खुणावण्यासाठी चमकतो. गाडीचे दिवे, मोबाईलचा प्रकाश आणि छायाचित्रांचा फ्लॅश यांमुळे ही खूण हरवते. म्हणून गाडी गावात उभी करून गावातल्याच वाटाड्यासोबत पायी जावे, टॉर्चवर लाल कागद लावून तो पायाखालीच धरावा आणि झाडाखालच्या ओल्या जमिनीत तुडवातुडव करू नये, कारण काजव्यांची पुढची पिढी तिथेच वाढते. अभयारण्याच्या हद्दीत रात्रीच्या प्रवेशाचे वन विभागाचे नियम आणि शुल्क असते, ते आधी विचारून ठेवावे. शनिवारी रात्री त्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात. सोमवार ते गुरुवारपैकी एक रात्र मुक्काम करून सकाळी उजाडल्यावर घाट उतरावा.