अर्धशिशीत अर्धं अंग लुळं पडतंय? ईईजीला (मेंदूच्या लहरींच्या तपासणीला) जायच्या आधी हे बघा

आमची भाची रंकाळ्यावर फिरत होती आणि एकदम डोळ्यापुढं नागमोडी चमक, मग उजवा हात लुळा, बोबडी वळली आणि पाठोपाठ डोकं ठणकायला लागलं. शेजारचे म्हणाले अंगावरनं वारं गेलंय, झाडपाल्यावाल्याकडं न्या. तसलं काय करू नका! पहिल्यांदा असं झालं की लकवाच समजायचा आणि थेट मोठा दवाखाना गाठायचा, कोल्हापूरचं सरकारी सीपीआर असू दे नाहीतर खाजगी, कारण खरंच स्ट्रोक असला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. स्कॅन, एमआरआय बघून बाकीचं सगळं बाद झालं तरच डॉक्टर हेमिप्लेजिक मायग्रेन, म्हणजे अर्धं अंग लुळं पाडणारी अर्धशिशी, म्हणतात.

आता ईईजी. तो हात लुळा असतानाच किंवा लगेच काढला तर कामाचा. उजवा हात गेला असेल तर मेंदूच्या डाव्या बाजूच्या लहरी संथ दिसतात, कधीकधी डेल्टा, म्हणजे सेकंदाला 4 पेक्षा कमी, आणि काहींच्यात हात चालायला लागला तरी त्या काही दिवस तशाच राहतात. महिन्यानं काढला तर बहुतेक नॉर्मल येतो, मग घरचेच म्हणतात हिला काय झालंच नव्हतं.

डोक्याला तेल अजिबात नको (आज्जी ऐकत नाही, माहितीय), शाम्पूनं धुवून जा, कंडिशनर नको. उपाशीपण जाऊ नका, त्यानं पण अर्धशिशी उठते. वायरी चिकटवतात फक्त, करंट देत नाहीत. जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, लाईट चमकवतात, त्यानं डोकं उठत असेल तर टेक्निशियनला आधीच सांगा.

गोळ्यांचं मात्र नीट लक्षात ठेवा. मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं सुमाट्रिप्टान किंवा अर्गोटामिनवाली गोळी आणायची नाही, या प्रकारात चालत नाही असं त्यांच्या माहितीपत्रकातच असतंय. वारंवार अटॅक येत असतील तर डॉक्टर फ्लुनारिझिन, व्हेरापामिल, लॅमोट्रिजिन, ॲसिटाझोलामाइड यातलं काहीतरी देतात. फ्लुनारिझिननं झोप येते, वजन वाढतं. व्हेरापामिलच्या आधी ईसीजी (हृदयाचा आलेख) काढतात. आणि लॅमोट्रिजिन फिटचं पण औषध आहे, म्हणून चिठ्ठी बघून पोरीला फिट येते असं गावभर करू नका, आमच्यात झालंय ते.

आईला, मामाला असं कधी झालं होतं का ते विचारून ठेवा, बऱ्याच घरांत हे वंशानं येतं. जुना ईईजी फाईलीत ठेवा आणि पुढच्या अटॅकला एकानं गाडी बघायची, दुसऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढायचा.